वर्गातील तंत्रसाधने व अध्ययन

शाळेच्या वर्गात अध्ययन व अध्यापन यांस साहाय्यभूत ठरणाऱ्या यांत्रिक, विद्युत् व इलेक्ट्रॉनिक साधनांना वर्गातील तंत्रसाधने म्हणतात. नभोवाणी संच, चित्रप्रक्षेपक, दूरचित्रवाणी संच, संगणक, टॅब्लेट, स्मार्टफोन व पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड ही त्यांची ठळक उदाहरणे होत. व्यापक अर्थाने पाटी, फळा, नकाशा व छापील पुस्तक हीदेखील आपापल्या काळातील तंत्रसाधनेच होत. महाराष्ट्रातील देशी शाळांत मुले धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवीत. काढलेले अक्षर हाताने सारवून पुन्हा काढता येणे, हा धूळपाटीचा मोठा गुण होता. चूक कायमची उमटून राहत नसे. आजचे विद्यार्थी संगणकाविषयी जे अनुकूल मत देतात, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हाच गुण असतो.

कोणते साधन घ्यावयाचे, हे सामान्यतः शासन, शिक्षणसंस्था किंवा देणगीदार ठरवितात. ते वापरावयाचे की नाही, हे शिक्षक ठरवितो. आणि त्यापासून काही शिकावयाचे की नाही, हे अखेर विद्यार्थ्याच्या मनावर अवलंबून असते. त्यामुळे एखादे साधन वर्गात रुजते की कपाटात बंद राहते, हे समजून घेण्यासाठी विद्यार्थी व शिक्षक या दोहोंच्या मतांचा अभ्यास आवश्यक ठरतो. प्रस्तुत नोंदीत साधनांच्या रचनेपेक्षा या मतांचा, त्यांच्यामागील कारणांचा आणि प्रत्यक्ष अध्ययनाशी असलेल्या त्यांच्या संबंधाचा मुख्यतः विचार केला आहे.

ऐतिहासिक आढावा : प्रत्येक नव्या साधनाबरोबर शिक्षणात क्रांती होईल, अशी अपेक्षा व्यक्त होत आली आहे. चित्रपटामुळे लवकरच शाळांतून पुस्तके हद्दपार होतील, असे भाकीत टॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये केले होते. ते खरे ठरले नाही. अमेरिकन शिक्षणेतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९२० पासूनच्या चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी या साधनांच्या शालेय वापराचा मागोवा घेतला. प्रथम मोठी अपेक्षा, नंतर वर्गातील तुरळक वापर आणि शेवटी अपयशाचा दोष शिक्षकांवर, असा क्रम त्यांना पुनःपुन्हा आढळून आला. शिक्षक नव्या साधनांस सरसकट विरोध करतात, हा समज त्यांना मान्य नव्हता. वर्गातील शिस्त, नेमलेला अभ्यासक्रम व मर्यादित वेळ यांच्याशी जे साधन जुळते ते शिक्षक स्वीकारतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतात १९३७ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली या नभोवाणी केंद्रांवरून शालेय कार्यक्रम नियमितपणे प्रसारित होऊ लागले. दिल्लीत १९६१ मध्ये माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीवरील पाठ सुरू झाले. ज्या शाळांत प्रयोगशाळा व विज्ञानशिक्षक यांची उणीव होती, त्यांना त्यांचा विशेष उपयोग व्हावा, असा हेतू होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या कालावधीत उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग करण्यात आला. त्यात सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. या प्रयोगात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे त्यात होते. मुलांच्या भाषिक विकासास या कार्यक्रमांमुळे चालना मिळाली. परंतु शालेय विषयांतील संपादनात तशी स्पष्ट वाढ दिसून आली नाही. साधनाविषयीची उत्सुकता आणि विषयाचे आकलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने प्रथमच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले.

संगणकाचा शाळांतील प्रवेश १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या संगणक-साक्षरता योजनेद्वारे झाला; प्रारंभी देशातील २५० शाळांची त्यासाठी निवड करण्यात आली होती. डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची स्वतंत्र केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली.

महाराष्ट्रातील प्रयत्न : महाराष्ट्रात शिक्षणसाधनांचा विचार यंत्रांच्या आधीपासून चालत आलेला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथील बालवाड्यांत शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंपासून शिक्षणसाधने तयार केली. महागडी माँटेसरी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, हे त्याचे एक कारण होते. परंतु मुलांच्या ओळखीच्या वस्तूंपासून शिक्षणास आरंभ करावा, हे शैक्षणिक तत्त्वही त्यामागे होते. साधन स्वस्त की महाग यापेक्षा ते कोणाच्या हाती असते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, हे त्यांच्या कार्यातून स्पष्ट होते.

शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुणे येथे १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. अनेक वर्षे तिचे मराठी कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत होते. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील एकशिक्षकी शाळेतील वीसबावीस मुलांना प्रत्येकी एक छोटा संगणक देण्याचा प्रयोग झाला. ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भारतातील पहिला प्रयोग होय. तत्पूर्वी सुगत मित्रा यांनी दिल्लीत १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘भिंतीतील संगणक’ प्रयोगाचा विस्तार सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरगाव येथेही झाला होता. मोठ्यांच्या मार्गदर्शनावाचून मुलांचा गट संगणक हाताळण्यास शिकतो, असे मित्रा यांचे प्रतिपादन होते. हाताळणी येणे म्हणजे विषयज्ञान होणे नव्हे आणि अशा मोकळ्या जागी दांडगी मुलेच पुढे राहतात, असे आक्षेप त्यावर घेण्यात आले.

२२ जून २०१५ रोजीच्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास जिल्हा परिषदांच्या अनेक प्राथमिक शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. या चळवळीचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिचा आरंभ पुष्कळ ठिकाणी शिक्षकांच्या स्वतःच्या खटपटीतून झाला. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा या आदिवासी वस्तीवरील शाळा हे तिचे प्रारंभीचे व बहुचर्चित उदाहरण होय. गावोगावी लोकवर्गणीतून प्रक्षेपक, दूरचित्रवाणी संच व टॅब्लेट खरेदी करण्यात आले. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्दप्रयोगही याच काळात रूढ झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यांद्वारे कविता, ध्वनिफिती व चित्रफिती मुलांना उपलब्ध करून दिल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ही पद्धत अवलंबिण्यात आली. डिसले यांना २०२० मध्ये दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले असून पाठ्यपुस्तकांतील अशा कोडांमार्फत त्यावरील साहित्य पाहता येते.

विद्यार्थ्यांची मते : तंत्रसाधनांविषयी विद्यार्थ्यांचे मत सामान्यतः अनुकूल असते. त्यामागे तीन कारणे प्रामुख्याने आढळतात. पहिले कारण दृश्यतेचे. समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलास भरती-ओहोटी, किंवा कोणत्याही मुलास हृदयाच्या झडपांची उघडझाप, केवळ शब्दांनी व फळ्यावरील आकृतीने समजणे कठीण असते. हलते चित्र ही अडचण दूर करते. दुसरे कारण पुनरावृत्तीचे. शिक्षकास तोच भाग चौथ्यांदा विचारण्याचा मुलांना संकोच वाटतो. यंत्रास विचारण्यात तो नसतो. उत्तर चुकले, तरी वर्ग हसत नाही. अभ्यासात मागे पडलेल्या आणि मितभाषी मुलांना हा लाभ विशेष वाटतो. तिसरे कारण बदलाचे. रोजच्या वाचन-लेखनाच्या क्रमात चित्र, संगीत व खेळ आल्याने तासाचा कंटाळा जातो. याखेरीज दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ध्वनिपुस्तके व मजकूर वाचून दाखविणारी संगणकीय योजना यांमुळे स्वतंत्रपणे अभ्यास करता येतो. त्यांच्या बाबतीत तंत्रसाधन ही सोय नसून ती गरज असते.

विद्यार्थ्यांच्या तक्रारीही तितक्याच बोधप्रद असतात. मागच्या बाकावरून पडदा नीट दिसत नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडामुळे चित्र पुसट होते. चित्रफितीतील निवेदन भराभर पुढे जाते व थांबवून विचारता येत नाही. एका यंत्राभोवती दहा मुले बसली असता एकच मूल ते हाताळते व बाकीची पाहत राहतात. निवेदनाची नागर, ग्रांथिक किंवा इंग्रजीमिश्रित भाषा हा आणखी एक अडथळा असतो. मराठवाड्याच्या किंवा खानदेशाच्या बोलीत वाढलेल्या मुलास अशा निवेदनातील अनेक शब्द अपरिचित असतात. शिक्षक स्वतः शिकविताना तो शब्द सहज बदलतो. यंत्र तो बदलत नाही. म्हणूनच शिक्षकाऐवजी यंत्र असावे, असे मत विद्यार्थी क्वचितच देतात. शिक्षकाने चित्र दाखवावे, मध्येच थांबवावे व समजावून सांगावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

आवड व आकलन : विद्यार्थ्यांस एखादी पद्धत आवडली, म्हणजे तिच्यामुळे ते अधिक शिकले, असे अनुमान काढता येत नाही. इझ्राएली मानसशास्त्रज्ञ गाव्ह्रिएल सालोमन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सहावीच्या मुलांना दूरचित्रवाणी हे सोपे व छापील मजकूर हे कठीण माध्यम वाटत असल्याचे दाखविले. माध्यम सोपे वाटल्यामुळे मुले त्यासाठी कमी मानसिक प्रयत्न करीत आणि परिणामी त्यांचे आकलनही उथळ राही. हार्व्हर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या वर्गांत करण्यात आलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याची दुसरी बाजू दिसून आली. स्वतः उदाहरणे सोडविलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटत होते. चाचणीत मात्र, सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे गुण अधिक होते. नव्या साधनाविषयीच्या उत्साहात नावीन्याचाही वाटा असतो व काही आठवड्यांत तो ओसरू लागतो. यावरून विद्यार्थ्यांचे मत निरुपयोगी ठरते, असे मात्र नव्हे. ‘आवडले का?’ या प्रश्नापेक्षा ‘कोठे अडले?’ या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर शिक्षकास अधिक उपयोगी पडते.

शिक्षकांची मते : नव्या यंत्राचा स्वीकार मनुष्य कोणत्या कसोट्यांवर करतो, याविषयी फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन घटक सांगितले : यंत्र आपल्या कामास उपयुक्त आहे असे वाटणे आणि ते वापरावयास सोपे आहे असे वाटणे. कार्यालयीन कामकाजासंबंधीचा हा विचार शिक्षकांच्या बाबतीतही लागू पडतो. तथापि शिक्षकाच्या मतात आणखी काही गोष्टींची भर पडते. पहिली वेळेची. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात यंत्र जोडण्यास व सुरू करण्यास दहा मिनिटे गेली, तर शिक्षक ते पुढच्या वेळी बाहेर काढीत नाही. दुसरी वर्गाच्या नियंत्रणाची. अंधाऱ्या खोलीत किंवा प्रत्येक मुलाच्या हातात स्वतंत्र पडदा असताना कोण काय करीत आहे, हे शिक्षकास कळत नाही. तिसरी प्रतिष्ठेची. यंत्र मध्येच बंद पडले आणि ते विद्यार्थ्याने सुरू केले, तर काही शिक्षकांस त्यात कमीपणा वाटतो. काही शिक्षक मात्र तीच संधी मानून यंत्राची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवितात.

महाराष्ट्रातील शिक्षकांच्या मतास आणखी एक पदर आहे. २०१५ पासून विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत भरण्याचे काम शाळांकडे आले. त्यानंतर पोषण आहार, उपस्थिती, प्रशिक्षण व विविध उपक्रम यांच्या नोंदी व छायाचित्रे पाठविण्याच्या कामाचीही त्यात भर पडत गेली. त्यामुळे जो स्मार्टफोन अध्यापनाचे साधन म्हणून वर्गात यावयाचा, तो अनेक शिक्षकांच्या अनुभवात अहवाल देण्याचे साधन होऊन बसला. तंत्रज्ञानास शिक्षकांचा विरोध आहे, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हा विरोध अध्यापनातील वापरास आहे की अशैक्षणिक कामाच्या ओझ्यास आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

विषयज्ञान, अध्यापनकौशल्य व तंत्रज्ञान ही तिन्ही एकत्र आल्याखेरीज शिक्षकास साधनाचा अर्थपूर्ण उपयोग करता येत नाही, अशी मांडणी पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये केली. या दृष्टीने पाहता केवळ यंत्र चालविण्याचे प्रशिक्षण अपुरे पडते. अपूर्णांक शिकविताना पडद्यावर काय दाखवावे, केव्हा पडदा बंद करून भाकरीचे चार भाग करावयास लावावे, हा निर्णय घेता येणे हे खरे प्रशिक्षण होय.

अध्ययनावरील परिणाम : साधनामुळे अध्ययनात वाढ होते काय, हा वाद जुना आहे. माध्यम केवळ वाहक असते व लाभ होतो तो अध्यापनपद्धतीमुळे, असे मत रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडले. काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच शिकता येतात, असा प्रतिवाद रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ मध्ये केला. भारतातील पुढील तीन अभ्यास या वादावर प्रकाश टाकतात. बडोदे येथील नगरपालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक याप्रमाणे, संगणकावर गणिताचे खेळ देण्यात आले. त्यामुळे त्यांच्या गणितातील गुणांत लक्षणीय वाढ झाली. अभिजित बॅनर्जी, एस्तर द्युफ्लो व त्यांचे सहकारी यांनी हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र कार्यक्रम संपल्यावर एका वर्षात हा लाभ बव्हंशी ओसरला. गुजरातमधीलच दुसऱ्या एका अभ्यासात ली लिंडन यांना असे आढळले, की चांगल्या अध्यापनाचा वेळ काढून घेऊन त्या जागी संगणक दिला असता मुलांचे नुकसान झाले. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर जादा अभ्यासासाठी दिला असता लाभ झाला. दिल्लीतील शाळासमयाबाहेरील केंद्रांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक मुलास त्याच्या प्रत्यक्ष पातळीनुसार प्रश्न देणारी संगणकप्रणाली गणित व हिंदी या दोन्ही विषयांत परिणामकारक ठरली. इयत्तेच्या मानाने खूप मागे असलेल्या मुलांना वर्गातील नेहमीच्या अध्यापनाचा फारसा लाभ होत नव्हता. त्यांच्या पातळीस उतरून सराव देणे हे यंत्रास जमले. तात्पर्य, साधन शिक्षकाची जागा घेते की शिक्षकास जे करणे शक्य नाही ते करते, यावर त्याचे मूल्य ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेच्या २०२३ च्या जागतिक अहवालातही शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या उपयुक्ततेविषयी निःपक्षपाती पुरावा अल्प असल्याचे नमूद केले आहे.

कोविड-१९ साथीच्या काळातील अनुभव : मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्याने तंत्रसाधने वर्गाचे पूरक न राहता काही काळ वर्गच बनली. महाराष्ट्रात शिक्षकांनी भ्रमणध्वनीवरील गटांद्वारे रोजचा अभ्यास पाठविला. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारित मालिका दाखविण्यात आली. तीत घरातील वस्तू घेऊन करावयाच्या कृतींवर भर होता. ग्रामीण भागातील शालेय शिक्षणाच्या ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार, शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांच्या कुटुंबांपैकी स्मार्टफोन असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६·५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१·८ व २०२१ मध्ये ६७·६ टक्के झाले. परंतु घरात स्मार्टफोन असूनही सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. वडील कामावर जाताना तो बरोबर नेत. तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २७·३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०·५ टक्क्यांवर आले.

या काळाने दोन्ही पक्षांची मते बदलली. पूर्वी स्मार्टफोनपासून दूर राहिलेल्या शिक्षकांनी तो हाताळण्याचे कौशल्य मिळविले, आणि त्याचबरोबर मुलांचे चेहरे दिसल्याशिवाय त्यांस समजले की नाही हे कळत नाही, हेही त्यांनी अनुभवले. विद्यार्थ्यांना शाळेचे जे मोल वाटले, त्यात सोबती व शिक्षक यांचा वाटा मोठा होता. साधनांच्या उपलब्धतेतील विषमता मात्र पुढेही टिकून राहिली. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ४३·७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींत हे प्रमाण केवळ १९·८ टक्के होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी केल्याचे सांगितले. घरी उपकरण न मिळणाऱ्या मुलीस ते मिळण्याचे ठिकाण शाळा हेच असते. त्यामुळे शाळेतील एक टॅब्लेट बंद राहण्याचा अर्थ तिच्या बाबतीत वेगळा होतो.

ग्रामीण शाळेतील स्थिती : जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारगावांच्या भोवती असलेल्या वाड्यावस्त्यांवरील लहान शाळांत तंत्रसाधनांचा प्रश्न शहरापेक्षा वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एकाच शिक्षकास एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेस शिकवीत असताना दुसरीस टॅब्लेटवर सराव देता येतो, म्हणून अशा शिक्षकास साधन खरोखर साहाय्यकारी वाटते. परंतु त्याच सोयीमुळे एखादी इयत्ता दिवसचे दिवस पडद्यासमोर बसून राहण्याचा धोकाही येथेच अधिक असतो. विजेचा अनियमित पुरवठा, थकलेले वीजदेयक, दुर्बल आंतरजाल आणि बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी न्यावे लागणे, या अडचणी नेहमीच्या आहेत. लोकवर्गणीतून यंत्र घेणे शक्य होते. त्याच्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे वर्गणी मिळणे अवघड असते. मूळ खरेदीइतकाच देखभालीच्या खर्चाचा विचार आधी झाला नाही, तर काही वर्षांत यंत्र धूळ खात पडते व ‘या मुलांना त्याचा उपयोग नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

याउलट स्थानिक परिसर व तंत्रसाधन यांची सांगड घातल्यास अशा गावात अध्ययनाची चांगली संधी असते. मिरचीच्या बाजारातील रोजचे भाव नोंदविणे, त्यांची सरासरी व शेकडा वाढ काढणे, संगणकावर त्यांचा आलेख तयार करणे, माल कोणकोणत्या शहरांत जातो ते नकाशावर शोधणे, शेतकरी व व्यापारी यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या शुद्ध मराठीत लिहून काढणे, असे अनेक पाठ त्यातून घेता येतात. येथे विद्यार्थी प्रेक्षक राहत नाही. तो माहिती गोळा करतो, तपासतो व मांडतो. आपली बोली व आपल्या घरचा व्यवसाय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हा अनुभवही त्यास येतो. साधन नसतानाही हे पाठ वही-पेन्सिलीने घेता येतात. साधन असल्यास ते अधिक व्यापक होतात. विद्यार्थ्यांच्या मागणीतून साधनास दिशा मिळाल्याचे एक उदाहरण शेजारच्या जिल्ह्यात घडले. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जवळील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेत मुलांना परकी भाषा निवडावयास सांगितले असता, यंत्रमानवशास्त्राच्या आवडीमुळे त्यांनी जपानी भाषा निवडली आणि २०२० मध्ये आंतरजालावरून मिळालेल्या स्वयंसेवी मार्गदर्शनाने तिचा अभ्यास केला. त्या खेड्यात जपानी शिकविणारा शिक्षक मिळणे शक्य नव्हते. येथे साधनाने खरी उणीव भरून काढली.

उपयोजनाच्या अटी : वरील विवेचनावरून तंत्रसाधनांच्या यशस्वी वापरासाठी काही अटी संभवतात. खरेदीपूर्वी शिक्षकांस त्यांच्या अध्यापनातील नेमकी अडचण विचारली जावी व साधन त्या अडचणीवर उपाय म्हणून निवडले जावे. वापर केव्हा करावा व केव्हा करू नये, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य शिक्षकाकडे असावे. वापराचे तास मोजून त्याचे मूल्यमापन होऊ नये. विद्यार्थ्यांच्या मताची दखल घेताना त्यांची आवड, त्यांच्या अडचणी व त्यांचे प्रत्यक्ष संपादन यांची स्वतंत्रपणे नोंद व्हावी. मराठी साहित्य केवळ भाषांतरित नसावे. ते मुलांच्या परिसराशी व बोलीशी जुळणारे असावे. मुलींना व मागे बसणाऱ्या मुलांना साधन प्रत्यक्ष हाताळावयास मिळते की नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. वीज, देखभाल व दुरुस्ती यांची तरतूद खरेदीच्या वेळीच केलेली असावी.

विद्यार्थी व शिक्षक यांच्या मतांत वरवर अंतर दिसले, तरी मुळात त्यांत फारसा विरोध नसतो. पुन्हा प्रयत्न करण्याची मोकळीक आणि न दिसणारे पाहावयास मिळणे, ही विद्यार्थ्याची अपेक्षा असते. प्रत्येक मुलाकडे लक्ष देण्यास वेळ मिळावा, ही शिक्षकाची अपेक्षा असते. जे साधन या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करते, ते धूळपाटीप्रमाणे वर्गाच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग बनते व त्याची वेगळी चर्चा करण्याची गरज उरत नाही.